युद्धासाठी बांधलेली जहाजे आणि त्यांच्या शेवटाचा खर्च

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जगातील सर्वांत मोठा व्यापारी जहाजांचा ताफा अमेरिकन सरकारच्या मालकीचा होता. युद्धाच्या चार वर्षांत तिथल्या गोद्यांनी २,७१० लिबर्टी जहाजे आणि पाचशेहून अधिक व्हिक्टरी जहाजे पाण्यात सोडली होती. सी-१ ते सी-४ वर्गातील मालवाहू आणि सैन्यवाहू जहाजे व टी-२ तेलवाहू जहाजे ही वेगळीच. एवढ्या जहाजांचे पुढे काय करायचे, याचा विचार युद्धाच्या धांदलीत फारसा कोणी केला नव्हता, आणि ते समजण्यासारखे आहे. शत्रूच्या पाणबुड्या जितकी जहाजे बुडवतील त्याहून जास्त आपण बांधायची, एवढेच तेव्हाचे गणित होते. लिबर्टी जहाज पाच वर्षे टिकले तरी पुरे, अशा हिशेबाने ते आखलेले होते. प्रत्यक्षात त्यांतील शेकडो जहाजे वीस-पंचवीस वर्षे चालली. या लांबलेल्या आयुष्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. माझा मुद्दा त्या कौतुकाच्या पलीकडचा आहे. सरकारने सार्वजनिक पैशातून बांधलेल्या जहाजाला दुसरे काम देताना त्याच्या शेवटाचा खर्चही त्याच वेळी, त्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे. तो न धरल्याने काय होते, हे या जहाजांच्या युद्धोत्तर इतिहासात स्पष्ट दिसते, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आज तोच प्रश्न उभा आहे.

ही जहाजे इतकी उपयोगी ठरली याचे कारण त्यांच्या साधेपणात होते. ४४१ फूट लांबी, माल भरायचे पाच कप्पे म्हणजे होल्ड, त्यांवर माल चढवायच्या-उतरवायच्या याऱ्या म्हणजे डेरिक, जुन्या धाटणीचे २,५०० अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन आणि जेमतेम ११ नॉटचा वेग, असा लिबर्टीचा सगळा संसार. त्यात नवे असे काही असेल तर ते रिव्हेटऐवजी सर्रास वापरलेले वेल्डिंग. त्यामुळेच रॉबर्ट ई. पीरी हे जहाज नोव्हेंबर १९४२ मध्ये पाच दिवसांच्या आत बांधून पाण्यात सोडता आले, आणि त्यामुळेच थंड समुद्रात काही जहाजांचे पत्रे अचानक तडकूही लागले. दोष एकट्या वेल्डिंगचा नव्हता. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की वापरलेले पोलाद कमी तापमानाला ठिसूळ होत होते. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला थांबला असता, तो सलग जोडलेल्या जहाजात पुढे धावत जाई. मग हॅचचे, म्हणजे होल्डच्या तोंडाचे, काटकोनी कोपरे गोलावून घेणे, डेकवर आणि कडांना पोलादी पट्ट्या बसवणे असे बदल करण्यात आले. युद्धोत्तर फेरफारांची सुरुवात अशी दुरुस्तीपासूनच झालेली होती. १९४४ पासून आलेल्या व्हिक्टरी जहाजांचा सांगाडा अधिक सोशिक होता आणि टर्बाइनमुळे त्यांचा वेग १५ ते १७ नॉटपर्यंत गेला. युद्धनौकेला असे दुसरे आयुष्य सहसा मिळत नाही, कारण तिचा इंच न् इंच एकाच कामासाठी घडवलेला असतो. मालवाहू जहाज मात्र रिकाम्या वखारीसारखे; आत काय भरायचे ते नवा धनी ठरवतो.

नव्या धन्यांसाठी अमेरिकन काँग्रेसने मार्च १९४६ मध्ये जहाजविक्रीचा कायदा केला. त्याखाली हजाराहून अधिक जहाजे परदेशी मालकांकडे गेली. युद्धात आपला बहुतांश ताफा गमावलेल्या ग्रीक जहाजमालकांनी सरकारी हमीवर शंभर लिबर्टी जहाजे घेतली, आणि पुढच्या दोन पिढ्यांचे ग्रीक जहाजसाम्राज्य या शंभर जहाजांच्या पायावर उभे राहिले, असे तिथे आजही मानले जाते. हॉलंडच्या सरकारने १९४७ मध्ये तीन व्हिक्टरी जहाजे घेतली. झाउडरक्राउस, वाटरमान आणि ग्रोटे बेअर अशी नावे मिळालेल्या या जहाजांनी आधी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य दडपायला निघालेले डच सैनिक वाहून नेले, मग तीच वसाहत हातची गेल्यावर तिथून परतणारी कुटुंबे आणली, आणि त्यानंतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंडला निघालेले डच स्थलांतरित पोहोचवले. एका साम्राज्याचा शेवट तीन जहाजांच्या फेऱ्यांमध्ये असा नोंदलेला क्वचितच सापडेल.

जी विकली गेली नाहीत, ती सरकारने राखीव ताफा म्हणून नद्यांच्या मुखाशी आणि खाड्यांमध्ये रांगेने नांगरून ठेवली. १९५० मध्ये या ताफ्यात २,२७७ जहाजे होती. अशा साठ्याला खर्चिक हौस म्हणणारे तेव्हाही होते, पण पुढच्या काही वर्षांनी त्यांना गप्प केले. कोरियाच्या युद्धासाठी त्यांतून पाचशेहून अधिक जहाजे बाहेर काढावी लागली. त्यांपैकी मेरिडिथ व्हिक्टरी हे जहाज डिसेंबर १९५० मध्ये उत्तर कोरियातील हुंगनाम बंदरातून कॅप्टन लेनर्ड लारू यांनी सुमारे चौदा हजार निर्वासितांना घेऊन बाहेर काढले. जहाजावर बारा प्रवाशांची सोय होती. माणसे मालासारखी डेरिकने होल्डमध्ये थराथराने उतरवली गेली. तीन दिवसांच्या त्या प्रवासात कोणी दगावले नाही, उलट पाच बाळे जन्मली. जहाजाच्या रिकाम्या पोटाचा याहून मोठा उपयोग कोणी केला असेल असे मला वाटत नाही, आणि तो कोणत्याही आराखड्यात लिहिलेला नव्हता.

आपल्याशी या राखीव ताफ्याचा संबंध थेट आहे. १९५१ ते १९५३ या काळात जगभर जहाजांची टंचाई झाली, तेव्हा उत्तर युरोपला कोळसा आणि भारताला धान्य पोहोचवण्यासाठी या ताफ्यातून सहाशेवर जहाजे पुन्हा चालू करण्यात आली. १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला गहू खरेदीसाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले, त्यामागे किती महिने वादावादी झाली आणि नेहरूंच्या परराष्ट्रधोरणावर तिथे किती तोंडसुख घेतले गेले, हे आपल्याकडे लिहिले गेले आहे. ते धान्य समुद्रापार आणणारी जहाजे कुठून आली, हे कोणी फारसे विचारले नाही. पुढे १९५४ च्या अमेरिकन कायद्याने सरकारी मदतीचा निदान निम्मा माल अमेरिकन ध्वजाच्या जहाजांतूनच जावा, अशी अट घातली. रेशनच्या गव्हाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला पीएल ४८० हे त्याच वर्षीच्या अमेरिकन धान्य-मदत कायद्याचे नाव आजही आठवते. निम्मा माल अमेरिकन जहाजांतून नेण्याच्या अटीमुळे म्हातारी होत चाललेली युद्धकालीन जहाजे धंद्यात टिकून राहिली, म्हणजे मदतीच्या धान्याबरोबर एका जुनाट ताफ्याचे पोटही भरले जात होते. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. पण युद्धोत्तर काळात या जहाजांना मिळालेल्या दीर्घायुष्याचे श्रेय नुसत्या पोलादाला देता येत नाही. कायदे, अनुदाने आणि टंचाई यांनी त्यांना जगवले.

फेरफारांचा सर्वांत मोठा परिणाम व्यापारावरच झाला. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन मालवाहतूकदाराने आयडियल-एक्स या टी-२ तेलवाहू जहाजाच्या डेकवर चौकट बसवून ५८ पेट्या, म्हणजे कंटेनर, न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी गेटवे सिटी या सी-२ मालवाहू जहाजाच्या पोटात उभ्या पोलादी खोबणी बसवल्या आणि त्यात २२६ कंटेनर मावू लागले. नवे जहाज बांधण्याइतके भांडवल गुंतवून असा प्रयोग करायला कोणती बँक तयार झाली असती? जुनी, स्वस्त, मोडतोड करायला हरकत नसलेली जहाजे हाताशी होती म्हणून कंटेनर समुद्रावर आला. आज न्हावा-शेवाला दिसणारे डोंगराएवढे ढीग आणि मुंबईच्या गोदीतून नाहीशी झालेली हजारो माथाड्यांची कामे, या दोन्हींचे एक मूळ त्या युद्धकालीन जहाजांमध्ये आहे. अमेरिकन सागरी प्रशासनाने स्वतःही १९५० च्या दशकात चार लिबर्टी जहाजांवर इंजिनांचे प्रयोग केले. एकाला वाफेचे टर्बाइन, एकाला डिझेल, उरलेल्या दोघांना दोन प्रकारची गॅस टर्बाइने बसवून युद्ध पुन्हा झालेच तर हा संथ ताफा वेगवान करता येईल का, हे तपासले. तांत्रिक उत्तर होकारार्थी आले. आर्थिक उत्तर आले नाही, आणि तो विषय तिथेच मिटला.

लष्कराने केलेले बदल जास्त खोलवरचे होते. सोळा लिबर्टी जहाजे रडारची पहारेकरी जहाजे झाली. किंग्सपोर्ट व्हिक्टरीचे उपग्रह-दळणवळण जहाज झाले; १९६३ मध्ये ते लागोसच्या बंदरात उभे असताना त्याच्यामार्फत राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि नायजेरियाचे पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा उपग्रहावरून बोलले. सिमन्स व्हिक्टरीचे यूएसएस लिबर्टी नावाचे हेरगिरी-जहाज झाले आणि ८ जून १९६७ रोजी इस्रायली विमाने व टॉर्पेडो नौकांच्या हल्ल्यात त्यावरचे ३४ जण मारले गेले. मालवाहू सांगाड्यावर संवेदनशील यंत्रणा चढवून ते युद्धक्षेत्राच्या कडेला पाठवले तरी त्याचे कवच मालवाहूचेच राहते, हे त्या दिवशी कळले.

शेवटाच्या खर्चाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. जहाजात प्रत्येक नव्या कामासाठी काहीतरी घातले जाते आणि ते पुढे कोणाला तरी बाहेर काढावे लागते. चार्ल्स एच. कगल या लिबर्टी जहाजाचे उदाहरण घ्या. त्याचे इंजिन काढून, मधला भाग कापून, तिथे रुंद नवा भाग बसवून त्यात १० मेगावॉटची अणुभट्टी ठेवण्यात आली आणि स्टर्जिस या नावाने ते तरंगते वीजकेंद्र १९६८ मध्ये पनामा कालव्यात नेले. कालव्याला पाणी पुरवणाऱ्या गातून सरोवराचे पाणी कमी पडत होते. वीज करायला पाणी वापरावे तर जहाजे चढवायला-उतरवायला पुरेना. त्या अडचणीवर हा उपाय चांगलाच लागू पडला. १९७५ नंतर त्याची गरज संपली, अणुइंधन काढून घेतले गेले आणि जहाज व्हर्जिनियातील जेम्स नदीतल्या राखीव ताफ्यात नेऊन ठेवले गेले. त्याची किरणोत्सर्गी अणुभट्टी काढण्याचे काम टेक्सासमधील गॅल्व्हस्टनला सुरू झाले ते २०१५ मध्ये. सात-आठ वर्षांच्या उपयोगानंतर चार दशके ते जहाज नुसते उभे होते, कारण ते मोडण्याचा पैसा मूळ योजनेत कुणी धरलेलाच नव्हता. पुढच्या सरकारवर, मग त्याच्या पुढच्या सरकारवर तो ढकलत नेणे सगळ्यांनाच सोयीचे होते.

समुद्रात ढकलून देणे त्याहून सोयीचे. १९६४ पासून अमेरिकन लष्कराने नको असलेला दारूगोळा जुन्या लिबर्टी आणि व्हिक्टरी जहाजांत भरून ती जहाजेच खोल समुद्रात बुडवायला सुरुवात केली. त्यांत रासायनिक अस्त्रेही होती. ऑगस्ट १९७० मध्ये लेबॅरन रसेल ब्रिग्ज हे लिबर्टी जहाज सरीन या विषारी वायूच्या रॉकेटांसह फ्लोरिडापासून दूर अटलांटिकच्या तळाशी पाठवले गेले, तेव्हा देशभर आरडाओरड झाली आणि १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये समुद्रात अशी विल्हेवाट लावण्यावर कायद्याने बंधन आले. गंमत अशी की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक कायदा झालेला होता, जुनी लिबर्टी जहाजे किनारी राज्यांना कृत्रिम प्रवाळासाठी, म्हणजे माशांना आसरा म्हणून बुडवायला देण्याचा. टेक्सासने त्याखाली बारा जहाजे बुडवली. हे दोन कायदे परस्परविरोधी नाहीत, दोन्ही आपापल्या जागी शहाणपणाचे आहेत. पण बुडवणे म्हणजे विल्हेवाट की निर्मिती, हे जहाजाच्या पोटातून आधी काय काढले यावर ठरते, एवढे त्यांतून स्पष्ट व्हायला हवे होते आणि ते बराच काळ झाले नाही.

न काढता ठेवण्याचीही किंमत असतेच. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सुइसून उपसागरात नांगरलेल्या राखीव जहाजांचे रंगाचे पापुद्रे शिसे, जस्त आणि तांबे घेऊन पाण्यात पडत राहिले. पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या, २०१० मध्ये तडजोड झाली आणि ५७ जहाजे तिथून हलवायला २०१७ उजाडले.

याच्या उलट एक चांगला दाखला आहे आणि तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १९४३ मध्ये पाण्यात सोडलेले जनरल हॅरी टेलर हे सी-४ सैन्यवाहू जहाज युद्धानंतर युरोपातील विस्थापितांना वाहून नेत होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्यावर अजस्र अँटेना चढवून त्याचे क्षेपणास्त्रांचा माग काढणारे जहाज करण्यात आले आणि जनरल हॉइट एस. व्हँडनबर्ग हे नवे नाव मिळाले. निवृत्तीनंतर मे २००९ मध्ये ते फ्लोरिडातील की वेस्टजवळ पाण्यात बुड्या मारणाऱ्या पर्यटकांसाठी आणि माशांसाठी बुडवले गेले. त्या प्रकल्पाला सुमारे ८६ लाख डॉलर लागले आणि त्यातला मोठा वाटा बुडवण्याआधीच्या साफसफाईवर गेला: दहा टनांहून अधिक अ‍ॅस्बेस्टॉस आणि मैलोन् मैल विजेच्या तारा बाहेर काढाव्या लागल्या. त्या तारा १९४३ च्या जहाजात नव्हत्या. बहुतेक नंतरच्या फेरफाराने आणलेल्या होत्या. माझ्या मते हा आकडा फेरफाराच्या मूळ खर्चात लिहिला गेला असता तर फेरफार झालाच नसता असे नाही. तो कदाचित वेगळ्या तऱ्हेने झाला असता.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. १९४६ मध्ये शेवटाचा खर्च किमतीत घातला असता तर ग्रीक मालकांनी जहाजे घेतली नसती, भुकेल्या युरोपला कोळसा आणि धान्य वेळेवर पोहोचले नसते, मॅक्लीन यांच्यासारख्याचे प्रयोग जन्मालाच आले नसते. शिवाय जुन्या जहाजांच्या तारांत आणि रंगांत सापडणाऱ्या पीसीबीसारख्या विषारी द्रव्यांचे धोके तेव्हा फारसे माहीत नव्हते. हे मला मान्य आहे. १९४६ च्या माणसांना २००९ च्या ज्ञानाने धारेवर धरण्यात अर्थ नाही. मात्र अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल ब्रिटनने १९३१ मध्येच नियम केले होते. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तर यातले जवळजवळ सगळे ठाऊक झालेले होते आणि तरीही स्टर्जिस आणखी चार दशके उभे राहिले. दुसरे असे की स्वस्त विक्रीतून झालेला नफा खाजगी हातांत गेला आणि मोडणीचा धोका ती जहाजे हाताने कापणाऱ्या मजुरांकडे. आधी तैवानमधील काउशुंगच्या, पुढे गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर हे काम गेले. ते तिथे गेले, कारण तिथे मजुराचा श्वास स्वस्त होता. फ्रान्सची क्लेमांसो ही विमानवाहू नौका २००६ मध्ये अलंगच्या वाटेवरून परत बोलवावी लागली, ती या जाणिवेमुळेच.

आता आपल्याकडे. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्चक्रण कायदा केला आणि जहाजे सुरक्षितपणे मोडण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार जून २०२५ पासून लागू झाला. दोन्हींत जहाजावरील घातक पदार्थांची यादी ठेवणे बंधनकारक आहे. पण युद्धनौका, नौदलाची साहाय्यक जहाजे आणि सरकारी बिगर-व्यापारी सेवेतील जहाजे दोन्हींतून वगळलेली आहेत. गुप्ततेचे कारण सेवेतल्या नौकेला लागू पडते हे उघड आहे. पण निवृत्त, शस्त्रे उतरवलेल्या नौकेला ते कशासाठी? विक्रांत ही जुनी विमानवाहू नौका २०१४ मध्ये लिलावात गेली आणि मुंबईच्या दारूखान्यात मोडली गेली. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेसाठी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ ८५२ कोटींच्या संग्रहालयाला मान्यता दिली आणि दोन वर्षांत ती अलंगला पोहोचली. या दोन्ही वेळी हळहळ फार झाली, त्या नौकांच्या पोटात काय होते आणि ते कोणी काढले, यावर चर्चा झाली नाही.

निवतीच्याच समुद्रात आता गुलदार ही नौदलाची निवृत्त नौका बुडवण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. पोलंडमधील गदिनिया इथे बांधलेली, १९८५ मध्ये नौदलात आलेली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ही नौका रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवण्यासाठीची, म्हणजे अमेरिकन सैन्यवाहू जहाजांच्या जवळची. पाण्याखालचे संग्रहालय, कृत्रिम प्रवाळ आणि पर्यटन यांसाठी केंद्राने सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले आहेत. कल्पनेला माझा विरोध नाही. भंगारात जाण्यापेक्षा हे चांगले, आणि मालवणच्या परिसरातल्या होडीवाल्यांना व पाण्यात बुड्या मारणाऱ्यांना त्यातून काम मिळेल. परंतु मालवणचे सागरी अभयारण्य जवळ आहे आणि त्या पाण्यावर किनाऱ्यावरून जाळे ओढणारे रापणकर आणि छोट्या होड्यांचे मच्छीमार जगतात. म्हणून तीन गोष्टी मराठीतून, ग्रामपंचायतीत लावता येतील अशा स्वरूपात जाहीर व्हायला हव्यात: नौकेतून काढलेल्या पदार्थांची वजनासह यादी, ती तपासणाऱ्या नौदलाबाहेरच्या संस्थेचा अहवाल आणि पुढची पंचवीस वर्षे गाळ व मासळीच्या नमुन्यांची तपासणी कोणी, कोणत्या निधीतून करायची याचा शासननिर्णय. सत्तेचाळीस कोटींतला किती भाग यासाठी राखला आहे, हे पर्यटन विभागाला एका ओळीत सांगता येईल.